वीज म्हणायचं नाही

तळमजल्यावरचा शिंपी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना म्हणाला, "आज दिवे लागेपर्यंत तोंडातून 'वीज कोसळली' काढू नका, बघू जमतंय का!"

"जमलं तर काय देशील?"

"सांगाल ते करीन, भर चौकात! पण हरलात तर गच्चीवरची ती सळई उद्या भंगारात. नुसती अडगळ!"

मावशींचा चेहराच उतरला. तरी म्हणाल्या, "लागली पैज!"

मित्रांनो, ती सळई म्हणजे मी! मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी एक जुनी तांब्याची सळई आहे. आभाळातली वीज अंगावर घ्यायची आणि भिंतीवरच्या पट्टीतून जमिनीत सोडायची, हे माझं काम. मावशींचे यजमान वायरमन होते. त्यांनीच मला घासूनपुसून इथे बसवलं. तेव्हा लोक माना वर करकरून बघायचे. ते गेले आणि माझ्यावर कबुतरं बसायला लागली. मावशी तेवढ्या कपडे वाळत घालायला आल्या, की यजमानांच्याच पान्याने माझे नट आवळायच्या.

पण या माणसांच्या बोलण्याने मी पार चक्रावले होते. 'वीज गेली!' असा ओरडा झाला, की वाटायचं, मला न भेटताच गेली? बघते तर खाली नुसते पंखे बंद. एखादी मुलगी जिना धडाधड उतरली, तर 'पोरगी म्हणजे वीज आहे!' आणि मावशींचा तर कहर. दूध नासलं, 'वीज कोसळली गं!' गॅस संपला, 'वीज कोसळली!' आधी आधी मी दचकून स्वतःलाच चाचपायचे.

त्या दिवशी शिंप्याने काय काय केलं! "मावशी, तुमची नणंद येतेय. महिनाभर!"

मावशींनी ओठ चावला. "येऊ दे."

संध्याकाळी आभाळ गच्च भरलं. मावशी कपडे ओढून जिन्यात शिरल्या. शिंपी पाळतीवर मागे होताच.

आणि मित्रांनो, काय सांगू! पांढरं. सगळं पांढरंफटक! जन्मभर जिची वाट बघितली, ती आली आणि आरपार निघून गेली. माझं टोक वितळून वाकडं झालं. पट्टीतून ती जमिनीत उतरली. इमारतीचा टवकाही उडाला नाही. मी आजही थिजल्यासारखीच आहे.

शिंपी पायरीवर मटकन बसला. "मावशी! वी... वीज कोसळली!"

मावशींनी जिन्याच्या दारातून गच्चीकडे डोकं काढलं. तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. "असेल," त्या पुटपुटल्या. "मी काही म्हटलं नाही हं."

खाली रस्त्यावरचे दिवे लागले.

दुसऱ्या दिवशी शिंपी डोक्यावर पातेलं घालून, त्यावर डाव बडवत चौकात उभा होता. "सळया तपासा हो, सळया! पट्टी तुटली असेल तर जोडून घ्या! नट आवळा! जीव वाचवतात त्या!"

"ऐकू येत नाही!" गॅलरीतून मावशी ओरडल्या.

तो आणखी जोरात ओरडला. एक आजोबा थांबले. "केवढ्याला दिली रे सळई?"

"विकत नाही हो," शिंपी म्हणाला, "हरलोय!"