झांज खंय गेली

लाल दिवा पेटला तसा गुरुदास चिंदरकर स्टुलावरून अर्धवट उठलाच. मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये बुवांनी गजराला वरचा सूर लावला होता. तेवढ्यापुरता दिवा पेटला आणि बुवा खाली उतरताच विझला. म्हणजे कॉम्प्रेसर एकदाचा कामाला लागला होता.

मसुऱ्याच्या आसपास भजन असो की लग्न, स्पीकर गुरुदासचेच असायचे. भजनी बुवा एकदम असा सूर लावतात की स्पीकर फाटतो, आणि पुढच्याच क्षणी इतकं हळू बोलतात की मागच्या रांगेला कळत नाही. चढलेला आवाज आपोआप दाबून धरणारा डबा, म्हणजे कॉम्प्रेसर, बाजारात तयार मिळतो. पण आपल्या हाताने जोडलेल्या वस्तूवरच गुरुदासचा भरवसा. त्याने किट मागवलं, पडवीत बसून सोल्डर केलं, आणि सुरू केलं तर ते नुसतं गप्प. आवाज चढो की उतरो, दिवा पेटेना. मीटर लावून एकेक सांधा तपासताना शेवटी सापडलं: एक डायोड त्यानेच उलटा बसवला होता. तो स्वतःशीच हसला आणि डायोड फिरवून लावला.

आता बुवांचा आवाज फाटत नव्हता, पखवाज भरून येत होता. पण झांज कुठे होती? हे रेकॉर्डिंग त्याचं स्वतःचं, पंधरा वर्षांपूर्वीचं. त्यातली झांज कशी घुमायची ते त्याला पक्कं आठवत होतं. त्याने बारीक आवाज वाढवणारं ट्रेबलचं बटण फिरवत फिरवत शेवटाला नेलं. कुठूनतरी लांबून, पत्र्यावर वाळू पडावी तसा आवाज आला, इतकंच.

किट बारीक आवाज खातंय, असं धरून तो पुन्हा कामाला लागला. कपॅसिटर बदलले. चिप बदलली. मग वैतागून किट बाजूलाच काढलं आणि सरळ वायर जोडली. तरीही झांज नाही. म्हणजे दोष किटचा नव्हता. मग स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भोंगा, ट्विटर, गेला असणार. त्याने दुसरा स्पीकर जोडला आणि आवाज वाढवला.

तेवढ्यात नम्रता, त्याची बायको, हातातला कोयता तसाच घेऊन मागच्या दाराने पडवीत आली. चेहरा आवळलेला, एक कान खांद्यात दाबलेला.

"अवो, ता बंद करा आधी," ती म्हणाली. "झांज कानात टोचता."

गुरुदासला वाटलं, ती थट्टा करते आहे. "झांज? खंय गेली झांज, ताच तर मी सकाळपासून शोधतंय."

नम्रताने त्याच्याकडे पाहिलं, कोयता खाली ठेवला, पुढे होऊन ट्रेबलचं बटण मागे फिरवलं. तिचा चेहरा सैल झाला. गुरुदासला मात्र काहीच बदललेलं कळलं नाही.

त्याने मोबाईल उचलला. स्पीकर तपासण्यासाठी त्यात एक शिट्टी ठेवलेली होती, जाड आवाजापासून सुरू होऊन बारीक होत जाणारी. ती त्याने लावली आणि नम्रताला म्हणाला, ऐकू यायचं थांबलं की हात वर कर. शिट्टी चढत गेली, सुईसारखी झाली आणि संपली. पडवी शांत झाली. त्याने नम्रताकडे पाहिलं. तिचा हात खालीच होता. कपाळावर आठ्या चढत होत्या.

"अजून वाजता?" त्याने विचारलं.

"वाजता मा." मग तिच्या लक्षात आलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमका नाय येत?"

तिचा हात वर होईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. तो काळ त्याला फार मोठा वाटला.

मागच्या वर्षभरातल्या गोष्टी आता एकेक करून समोर आल्या. बांद्याच्या लग्नात पुढच्या रांगेतल्या बायका उठून मागे गेल्या होत्या. एका मंडळाने पुढच्या वेळी दुसरा साउंडवाला आणला, तेव्हा त्याला वाटलं होतं, कुणीतरी कान भरले. झांजवाला समोर बसलेला दिसायचा, त्याचे हात चालायचे, म्हणून झांज ऐकू येते असंच तो धरून चालला होता.

कुडाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नस गेली आहे, ती परत येत नाही. तीस वर्षं भोंग्यांच्या शेजारी बसलात, अजून जे शिल्लक आहे ते सांभाळा. परतताना नम्रता गाडीत काहीबाही बोलत राहिली, काजू, पाहुणे, घराची कौलं. तो हूं हूं करत राहिला. घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "माका वाटला, किट बिघडला."

देवळातली भजन स्पर्धा ठरलेली होती. ती सोडून द्यावी असं त्याच्या मनात आलं, पण शब्द दिलेला. दुपारी त्याने नेहमीसारख्या वायरी ओढल्या, माईक लावले, कॉम्प्रेसर जोडला. मग मिक्सरपाशी खुर्ची मांडून तिच्यावर नम्रताला बसवलं. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष दत्तप्रसाद आचरेकर जवळ आले, हसत म्हणाले की आज वहिनींना घेऊन बसलास काय. आजूबाजूची चार माणसंही वळून बघू लागली. नम्रता उठायला लागली. गुरुदासने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बारीक आवाज माका ऐकाक येणा नाय, दत्ता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझे कान गेले. आजपासून आवाज ही बघतली."

आचरेकरांचं हसू ओठांवरच थांबलं. त्यांनी मान हलवली आणि नम्रतासाठी पाण्याचा तांब्या आणायला कुणालातरी सांगितलं.

पहिल्या बुवांनी गजर उचलला. लाल दिवा पेटला, विझला. नम्रताने एक बटण किंचित फिरवलं, थोडं थांबून परत जरासं मागे आणलं. तिने गुरुदासकडे विचारायला पाहिलं नाही. तो थोडा वेळ तिच्या मागे नुसता उभा राहिला. हातांना काही काम नव्हतं. मग चपला काढून तो मंडपात गेला. शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने सरकून सतरंजीवर जागा करून दिली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच गुरुदास ऐकणाऱ्यांमध्ये मांडी घालून बसला.