काखेत ओढणारा कोट

आमच्या ह्यांना एक खोड आहे आणि ती जन्माची आहे. समोरच्याचं मन मोडवत नाही. केस कापणाऱ्यानं डोक्यावर झुडूप ठेवलं तरी आरशात बघून "छान" म्हणतील आणि घरी येऊन माझ्याकडे कात्री मागतील. भाजी करपली तरी छान, अळणी झाली तरी छान. इतकी वर्षं मी चालवून घेतलं. पण माणूस डॉक्टरसमोर बसून खोटं बोलायला लागला, तेव्हा माझं डोकं सणकलं.

हे शिंपी. गल्लीत सगळे मास्तर म्हणतात. कापड बेतणं ह्यांचं, मशीन मुलाचं, काज-बटण आणि गिऱ्हाइकांची तोंडं माझ्याकडे. गेल्या वर्षाच्या अखेरीपासून ह्यांचं कशात मन लागेना. सकाळी टेबलावर कापड पसरायचं, खडू हातात घ्यायचा आणि तसंच उभं राहायचं. जेवण दोन घासांवर आलं. पहाटेच डोळे उघडे. मुलगा म्हणाला, वय झालं. मी म्हटलं, वय माझंही झालंय, मी उभी राहते का खांबासारखी? आणि ह्यांना धरून मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई आमच्याच गिऱ्हाईक.

त्यांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं, गोळी दिली, गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाल्या. आठवडे गेले, महिने झाले, खडू हातातच. तपासायला गेलं की मी बाहेर बाकावर, आणि किलकिल्या दारातून ह्यांचा आवाज, "बरंच बरं आहे. फरक आहे." बाई खूश, गोळी तीच.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "कुठाय फरक? मला दाखवा, मीही बघते."

"इतक्या मनापासून देते ती पोरगी. लागू पडत नाही असं कसं सांगू तोंडावर?"

"म्हणजे तिला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही असेच कुढणार?"

हे म्हणाले, "औषध चांगलंच असणार गं. माझंच कापड विरलंय, टाका धरत नाही. पुढच्या वेळी नको जायला."

त्याच आठवड्यात ह्यांनी आपली मोठी कात्री पुसून मुलासमोर ठेवली. ज्या कात्रीला मला हात लावू देत नाहीत, ती. "तुला राहू दे," म्हणाले. मुलगा खूश झाला, वेडं. मी मात्र उठून कॅलेंडरवर पुढची तारीख बघितली.

पुढच्या तारखेला ह्यांना ओढत नेलं आणि बाकावर न बसता थेट आत घुसले.

"काकू, तुम्ही जरा…"

"मी गप्प बसते," म्हटलं, आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. खडू, घास, कात्री.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "काकू, आता खरंच गप्प बसा. मास्तर, तुम्ही सांगा."

"तसं ठीक आहे," हे म्हणाले.

मी कपाळाला हात लावला.

खोलीत गारठा होता. बाईंच्या अंगात ह्यांनीच शिवलेला लोकरीचा कोट. फळीवरचं काहीतरी काढायला त्यांनी हात वर केला, तो अर्ध्यात अडला, मग दुसऱ्या हातानं बाही खाली ओढून घेतली. मला त्यात काही दिसलं नाही. ह्यांना दिसलं. किती दिवसांनी ह्यांचे डोळे एका जागी ठरले.

"बाई, मुंढा ओढतोय का?"

"नाही हो, छान आहे कोट."

"खरं सांगा."

बाई ओशाळल्या. "काखेत थोडा ओढतो. पहिल्यापासूनच. तुम्ही एवढं मन लावून शिवलंत, म्हटलं कशाला उगाच…"

"अहो, मग सांगायचं नाही का? कपडाच आहे. शिवणीत जादा कापड सोडलेलं असतं ते ह्याच्यासाठीच. उसवून सैल करतो. तेवढ्यानं नाही भागलं तर बाही बदलतो. तुम्ही छान छान म्हणत बसलात तर मला कळणार कसं की…"

आणि हे मध्येच थांबले.

मी तोंडातून शब्द निघू दिला नाही, आणि ते किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

"फरक नाही, बाई," हे हळू म्हणाले. "काहीच नाही."

बाईंना वाईटबिईट काही वाटलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "जगणं नको, असं येतं का मनात?" आपण कंबर किती विचारतो तसं सरळ विचारलं. माझ्यात ती हिंमत झाली नव्हती.

"येतं. करणार काही नाही. पण येतं."

"सांगितलंत ते फार चांगलं केलंत. जोरात आलं तर तारखेची वाट बघायची नाही. काकूंना सांगायचं आणि लगेच मला फोन, मी नसले तर सरळ हॉस्पिटलात. आणि गोळ्या आता काकूंच्या ताब्यात."

"म्हणजे खोट माझ्यातच आहे ना?"

"छे. पहिलं औषध लागू पडत नाही असं पुष्कळांचं होतं. आधी रक्त तपासू, थायरॉईड बिघडलं तरी असं होतं. मग गोळी वाढवता येते, बदलता येते, जोडीला दुसरी देता येते. बोलून करायचे उपचार तर आपण अजून सुरूच केले नाहीत. त्यानंही नाही झालं तर मेंदूवर चुंबकाचा उपचार आहे, विजेचा आहे."

विजेचं नाव निघताच मी पर्स उचलून उभी राहिले.

"बसा काकू. नाव भयंकर आहे, पण भूल देऊन करतात, आणि ह्या वयात तो बऱ्याच जणांना चांगला लागू पडतो. काही दिवस विसरायला होतं, तेही सांगते. पण आपण तिथवर अजून गेलोच नाही."

मी बसले.

रक्त ठीक निघालं. जुनी गोळी हळूहळू कमी करून दुसरी सुरू झाली. तिनं तोंड कोरडं पडायला लागलं, तर ह्यांनी आपण होऊन बाईंना फोन करून सांगितलं. बोलण्यासाठी एक टकले गृहस्थ आहेत, हे दर आठवड्याला त्यांच्याकडे जातात. आत काय बोलतात त्याचा ताकास तूर लागू देत नाहीत. माझ्याबद्दलच बोलत असणार.

अजून एखाद्या दिवशी खडू हातातच राहतो. मग दुसऱ्या दिवशी चालतो. बाईंचा कोट उसवायला आला, तेव्हा हे मुलाला म्हणाले, "कात्री जरा उसनी दे." मुलानं ती ह्यांच्या बाजूला सरकवली. परत काही मागितली नाही. इतपत अक्कल त्याला आहे.

काल दुपारी आम्ही सगळे जेवत होतो. ह्यांनी भाजीचा घास घेतला, थांबले, गिळला.

"खारट झालीय," म्हणाले.

सून ताटातून मान वर करेना. मुलानं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि त्यामागे तोंड लपवलं. ह्या घरात माझ्या भाजीला नाव ठेवायची कोणाची छाती नव्हती. मी चाखून पाहिली. खारट होतीच.

"अहो," मी म्हटलं, "भाजी खारट आहे आणि तुम्ही सुधारताय, दोन्ही खरं. ह्यापुढं डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरही असंच बोलायचं. आणि ती भाजी संपवा. टाकायची नाही."