पक्की शिलाई

"वहिनी, फाईल उघडीच पाठवा. तेवढा मजकूर छापखान्यातला माणूस काढेल, पुढचा वर सरकेल. कुणाला कळणारही नाही," धाकटे दीर दारातूनच म्हणाले. चपलाही काढल्या नव्हत्या.

कोणता मजकूर, हे वहिनीने विचारलं नाही. सासूबाईंनी लिहिलेलं आत्मचरित्र घरच्या कॉम्प्युटरवर तीच मांडत होती. या घरात येण्याआधी सासूबाईंचं एक लग्न झालं होतं. नवरा गेला, तशी तिकडच्यांनी सुनेला घराबाहेर काढलं आणि तान्ही मुलगी ठेवून घेतली. 'ती कुठे असेल, तर हे पुस्तक तिचं आहे,' असं त्यांनी लिहून ठेवलं होतं.

दिरांच्या लेकीचं लग्न ठरत होतं. लोक काय म्हणतील, आईची लाज चव्हाट्यावर कशाला, असं त्यांनी बरंच ऐकवलं. वहिनीचा नवरा पेपरात तोंड खुपसून बसला होता. कुणाच्याच बाजूने बोलायचं नाही, ही त्याची जुनी खोड.

वहिनीचं डोकं तापलं. सासूबाईंशी तिचं कधी सूत जमलं नव्हतं, भांड्याला भांडं रोज लागायचं. पण जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली ती बाई म्हातारपणी स्टूल ओढून तिच्याशेजारी बसली होती, ओळ न् ओळ तपासायला. एकदा वहिनीने उघडी फाईल छापखान्यात पाठवली. तिथल्या मशीनवर तिने वापरलेला फॉण्टच नव्हता, त्यामुळे जोडाक्षरं तुटली, मधेमधे नुसते चौकोन आले. सासूबाई तो कागद बघत राहिल्या.

"आयुष्यभर बोलू दिलं नाही. आता लिहिलेलंही पुसतात."

तेव्हा वहिनीने त्यांना समजेल असं सांगितलं होतं. उघडी फाईल म्हणजे कच्चा टाका, कुणीही ओढावा आणि उसवावा. पीडीएफ म्हणजे पक्की शिलाई. ती आपली अक्षरं सोबत नेते, पान आहे तसं छापलं जातं, आणि मधलं काही काढलंच तर भोक दिसतं.

"मग पक्कीच घाल," सासूबाई म्हणाल्या होत्या. पुस्तक छापून यायच्या आत त्या गेल्या.

वहिनी खुर्चीत बसली. दिरांच्या देखत तिने पीडीएफ केली, फॉण्ट आत आलेत ना ते पाहिलं आणि छापखान्याला पाठवून दिली.

"गेली, भाऊजी."

"कुणाचं ऐकायचंच नाही, असं ठरवलंय तुम्ही?"

"मोठ्यांचंच ऐकलं."

दीर तणतणत निघून गेले. पुस्तकं आली त्या दिवशी मात्र आले, आणि गठ्ठ्यावरची पहिली प्रत उचलली. वहिनीने ती त्यांच्या हातून काढून घेतली.

"ही नको. दुसरी घ्या. ही थोरल्या वन्संची."

दिरांनी खाली वाकून दुसरी प्रत घेतली. वहिनीने पहिलीला जाड कागद गुंडाळला, पत्त्याची जागा कोरी सोडली आणि पुडकं सासूबाईंच्या स्टुलावर ठेवलं.