संत्र्याचं तेल आणि लाकडी अक्षरं

सासरे जन्मभर छापखान्यात अक्षरं जुळवणारे जुळारी होते. छापखाना बंद झाला, तेव्हा भित्तिपत्रकांच्या मोठ्या लाकडी अक्षरांची पेटी त्यांनी घरी आणली. पण अक्षरांवरची जुनी शाई दगडासारखी घट्ट झाली होती. रॉकेलनं पुसायला बसलं की त्यांना खोकल्याची उबळ येई. शेवटी त्यांनी नाद सोडला.

सून रसाच्या कारखान्यात, सालींतून तेल काढायच्या विभागात कामाला होती. एका रविवारी ती साहेबांना विचारून आणलेली छोटी बाटली घेऊन बसली.

"बाबा, संत्र्याचं तेल लावून बघू या."

"अगं, सरबताच्या वासानं शाई निघते होय?" म्हणत त्यांनी ते थर्माकोलच्या पेल्यात ओतलं.

"अहो, त्यात नको!" ती ओरडेपर्यंत पेल्याचं बूड विरघळून तेल टेबलावर आलं.

सासरे बघतच राहिले. "भलतंच जहाल आहे की!"

"म्हणून तर आणलं. डिंक, ग्रीस, शाई, सगळं सोडवतं. फक्त आगीपासून लांब ठेवायचं, आणि हातमोजे घाला, कातडी चुरचुरते."

तिनं खिडकी उघडली, उरलेलं तेल काचेच्या वाटीत घेतलं आणि आधी एका अक्षराच्या मागच्या कोपऱ्यावर लावून पाहिलं. लाकडाला काही झालं नाही. मग कापसानं पुढची बाजू भिजवून दहा मिनिटं थांबली. पुसल्यावर काळा थर चिखलासारखा निघाला. खोली संत्र्याच्या वासानं भरून गेली, पण सासऱ्यांना एकदाही खोकला आला नाही.

दुपारपर्यंत निम्मी पेटी झाली. तेवढ्यात एक 'ळ' वेगळाच निघाला: लाकूड फिकट, गोलाई जराशी वाकडी. सासऱ्यांनी तो उजेडात धरला.

"हा मी कोरलाय! विशीत होतो. मूळचा हरवला, मालकांना कळू नये म्हणून रात्रभर जागून केला. साफ विसरलो होतो बघ."

"तुम्ही कोरता, हे कधी बोलला नाहीत!"

"तू तरी कुठे सांगितलंस, रोज काय जादू बनवतेस ते?"

सोमवारी ते इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे राहिले. "चल, कारखाना दाखव." तिथे यंत्रात सालीवरून तेलाचे बारीक थेंब उडताना पाहून ते लहान मुलासारखे हरखले, आणि भेटेल त्या कामगाराला सांगत सुटले, "ही माझी सून."