सरकारतर्फे सही

गुरुवार म्हणजे युडोराच्या भट्टीचा दिवस. सेंट ओमर शहरातल्या आमच्या खालच्या गल्लीत पहाटेपासून करवंट्यांचा धूर पसरे आणि शाळेची घंटा होईपर्यंत पावाची शेवटची टोपली रिकामी होई. तिची आई फिलोमीन जाऊन चाळीस दिवस झाले होते. प्रार्थना आटोपल्या, शेजारीपाजारी गरम कोको पिऊन घरी गेले, म्हणून युडोराने त्या गुरुवारी पुन्हा भट्टी पेटवली. त्याच सकाळी सरकारी शिपाई कागद घेऊन आला.

मयत बाईला कायदेशीर वारस नाही, सबब घर, अंगण आणि भट्टी सरकारजमा होणार, असं त्यात लिहिलं होतं.

"वारस नाही?" शेजारची मासेवाली झाबेलमावशी कडाडली. "मग ही काय कोळशातून निघाली?"

आमच्या बेटावर लग्न म्हणजे बग्गी, अंगठी, नवा कोट आणि गावजेवण. एवढं जमेपर्यंत माणसं तशीच एकत्र राहतात. मुलं होतात, कधी म्हातारपणी लग्न लागतं, कधी लागतच नाही. फिलोमीनचं लागलं नाही, कारण तिचा माणूस मळ्याचा गोरा मालक होता. त्याला ती चालली, तिच्याशी लग्न चाललं नाही. आणि कायदा असा निर्दय, की बिनलग्नाचं मूल कुणाचंच नाही, जन्म देणाऱ्या आईचंसुद्धा नाही! मृत्युपत्र असतं तर निभावलं असतं. पण वकील होता तिचा स्वतःचा धाकटा मुलगा. त्याने अर्ध्या शहराची मृत्युपत्रं लिहिली, आईचं तेवढं लिहिलं नाही. लिहायचं तर तिच्या बिनलग्नाच्या मुलांत स्वतःचंही नाव घालावं लागलं असतं.

कथबर्ट लॅमॉथ त्याचं नाव. आडनाव बापाचं, वकिली शिकायला लंडनला जाताना बोटीवरच लावून घेतलेलं. बोटीचं तिकीट मात्र याच भट्टीतून निघालं होतं. परत आल्यावर त्याने गल्लीतल्या गरिबांचे खटले फुकट लढवले, हेही खरं. बेटाचे कायदे करणाऱ्या कौन्सिलवर तो निवडून गेला एका वचनावर: बिनलग्नाच्या मुलांना वारसा देणारं विधेयक आणीन. सात वर्षांत ते तीनदा मांडलं गेलं. तिन्ही वेळा कुणी मळेवाला उठून म्हणाला, "विवाहाचं पावित्र्य बुडेल," आणि तिन्ही वेळा लॅमॉथसाहेबांनी ते समितीकडे पाठवायला मान डोलावली. आणि आम्ही? सगळं माहीत असून गप्प. आपला माणूस वर चढतोय, त्याचं मूळ उकरू नका, हा आमचा शहाणपणा. टाळ्या वाजवून आमचे हात सुजले, पदरात पडली एक समिती.

युडोरा पिठाच्या हातांनीच त्याच्या कचेरीत गेली.

"ताई, मागच्या दाराने यायचं ना," तो घाईने दार लावत म्हणाला.

"पाव विकायला नाही आले. हे वाच."

वाचून त्याचा चेहरा उतरला. "मयताच्या सगळ्या मुलांनी मिळून शपथेवर अर्ज केला, तर सरकार मेहेरबानी म्हणून घर सोडतं."

"सगळी म्हणजे आपण दोघंच. लिही की मग."

"पुढच्या आठवड्यात मला अ‍ॅटर्नी जनरल नेमताहेत गं. सरकारचा सगळ्यात मोठा वकील! तेवढं होऊ दे. मग विधेयक मीच..."

"सात वर्षं हेच ऐकतेय. तुझं पीठ कधी फुगायचंच नाही का रे?"

"दुसरीकडे घर घेऊन देतो. नवी भट्टी बांधून देतो."

"भीक नको मला, वकीलसाहेब. ती तुझीही आई होती, एवढी एकच ओळ लिही."

त्याने कागदाची घडी करून तिच्यापुढे सरकवली. ती उठून पुढच्याच दाराने बाहेर पडली.

नेमणूक झाली, बँड वाजला. तिसऱ्या आठवड्यात युडोराच्या दारावर जप्तीची नोटीस ठोकली गेली. खाली 'सरकारतर्फे' म्हणून सही होती कथबर्ट लॅमॉथची. असल्या कागदावर एरवी अ‍ॅटर्नी जनरलचीच सही लागते. ते काम दुसऱ्यावर सोपवता आलं असतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं.

"फाडून टाक!" झाबेलमावशी ओरडली.

युडोराने फाडली नाही. भट्टीतला विझलेला कोळसा आणून तिने त्या सहीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मयत बाईचा मुलगा'. त्याखाली स्वतःचं नाव, 'मयत बाईची मुलगी'. मग कोळसा मावशीपुढे धरला. मावशीला लिहिता येत नव्हतं. तिने डोळे पुसत दारावर पाच रेघा ओढल्या, आपल्या पाच बिनलग्नाच्या पोरांच्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या माणसांनी आपापल्या आईची नावं लिहून दारावर बोटभर जागा ठेवली नाही. पुसायला आलेला पोलीस बराच वेळ वाचत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "कोळसा उरलाय का थोडा?"

घर गेलं ते गेलंच. भट्टी पाडली, दाराला रंगाचे दोन हात दिले. विधेयक अजून समितीत आहे, आणि हे लिहिताना माझ्या अंगाची लाही होते.

युडोरा आता झाबेलमावशीच्या अंगणात पाव भाजते. येणाऱ्या प्रत्येकाला आधी आईचं नाव विचारते, मग पाव देते. लोक मोठ्याने नाव सांगतात. गेल्या गुरुवारी अ‍ॅटर्नी जनरलसाहेबांचा गाडीवान आला. लहानपणीचा पाव खायची साहेबांना इच्छा झाली होती.

"साहेबांच्या आईचं नाव काय?" युडोराने विचारलं.

"मला कसं ठाऊक असणार, बाई?"

"मग विचारून ये. पाव बाजूला काढून ठेवते."

तिने दोन पाव फडक्यात बांधून ठेवले. संध्याकाळी ते दगडासारखे झाले, तरी गाडीवान परत आला नव्हता.