पहिलं नको

मीनाबाई शिवशरण यांच्या घरात ‘नको’ हा शब्द कुणी कधी मनावर घेतला नव्हता. पाहुण्यानं चहाला नको म्हणावं, तोवर आधण चढलेलं असायचं. दुसऱ्यांदा म्हणावं, तोवर कपबशी हातात. मीनाबाईंचे यजमान रावसाहेब तर यात नावाजलेले. वस्तीत लग्न कुणाचंही असो, पंगतीत जिलेबीची परात रावसाहेबांच्या हाती द्यायची हे ठरलेलं. पानावर आडवा हात धरून माणूस नको नको म्हणायला लागला, की रावसाहेब वाकून सांगायचे, “हे पहिलं नको. हे लाजेचं. दुसरं मानाचं. तिसऱ्यांदा म्हणा, मग खरं धरतो.” आणि तिसरं तोंडातून निघायच्या आत जिलेबी बोटांच्या फटीतून पानात.

रावसाहेब गेले त्याला तीन वर्षं झाली. आता ते भिंतीवर होते, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या शेजारी, आणि मीनाबाईंना आग्रह करणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

बंगळूरहून सिद्धांतचा फोन आला तो रविवारी. मीनाबाई विहारातून नुकत्याच परतल्या होत्या, पांढरी साडी अजून अंगावर होती.

“आई, जहाजाचं बुकिंग झालं. मुंबईहून निघायचं, चार रात्री. तू, मी आणि पायल.”

“आणि जेवायचं रे काय तिथं?” मीनाबाईंनी विचारलं. सोलापूरचं माणूस, समुद्राची चौकशी नंतर.

“जेवण तिकिटातच आहे. मोठा हॉल असतो, बफे. शिवाय एक स्पेशालिटी रेस्टॉरंट आहे, त्याला माणशी वरचे पैसे पडतात. घेऊ का तिथलं एक दिवस तुझं?”

“नको रे बाबा! तिकिटात जेवण असताना वर पैसे कशाला?”

“ओके,” सिद्धांत म्हणाला. “बरं, तुझ्या आधार कार्डाचा फोटो पाठव.”

मीनाबाई फोन कानाला धरून थांबल्या. दुसऱ्यांदा विचारायची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, पंगतीत शेजारच्यासाठी ठेवतो तशी. तिथं आधार कार्ड येऊन बसलं. तीस वर्षं टेलिफोन खात्यात त्यांनी लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले होते. लाईन चालू असून माणूस गेलेला असतो, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

पोरगं वाईट नव्हतं हो. वाईट असतं तर सोपं गेलं असतं. दर रविवारी फोन करायचं, बीपीच्या गोळ्या घरपोच पाठवायचं. फक्त बारावीनंतर जे हॉस्टेलला गेलं ते मेसमध्येच जेवत मोठं झालं. तिथं वाढप्या एकदाच विचारतो, आणि तुम्ही नको म्हणालात की पुढच्या ताटाकडं जातो.

त्या रात्री मीनाबाईंनी एक भाकरी केली आणि ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. बसून एकटीनं जेवायला पाट मांडावा लागतो, पाणी घ्यावं लागतं, मग जेवण संपल्यावर उठावं लागतं. उभ्यानं खाल्लं की यातलं काही नसतं. तीन वर्षांत त्यांना याची इतकी सवय झाली होती, की टाचा दुखायला लागल्या तेव्हाच जेवण लांबलं हे कळायचं.

खालच्या खोलीत सोजरबाई भाड्यानं राहायची. मूळची मैंदर्गीची, रंगाला सावळी, हाताला दणकट. दुकानाला कडक भाकऱ्या करून द्यायची; तिच्या दारातून पहाटेपासून थापटण्याचा आवाज यायचा. दुपारी काम आटोपलं की पायरीवर बसून ती जगाची हजेरी घ्यायची. जहाजाची गोष्ट तिला सांगायलाच हवी होती, कारण ती आधीच कळली होती.

“वर पैसं देऊन जेवायचं? सोन्याची भाकरी देत्यात काय तितं?”

“तेच तर. मी नको म्हणाले.”

“आन् पोरगं?”

“ते ओके म्हणालं.”

सोजरबाईनं मीनाबाईंच्या तोंडाकडं बघितलं. “अक्का, तुमचं तोंड तर असं झालंय जणू पानातली जिलेबी कुणी उचलून न्हेली.”

“तसं काही नाही.”

“हे कितवं न्हाय म्हणायचं?” सोजरबाई हसली. एवढी वर्षं जिन्याखाली राहून तिला रावसाहेबांचं गणित पाठ होतं.

मीनाबाईंनी मग शोध घेतला. मोबाईलवर एका फुलाफुलांचा शर्ट घातलेल्या माणसाचा व्हिडिओ होता: जहाजावर वरचे पैसे देऊन जेवावं की नाही. त्यानं मोठा हॉल दाखवला. जत्राच! ताटं घेऊन उभी माणसं, एक खुर्ची इथं, दुसरी तिथं, पोरं आइस्क्रीमच्या मागं. दहा मिनिटांत खा आणि उठा, मागचा माणूस तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून उभाच. मग त्यानं ते दुसरं दाखवलं. पांढरं कापड घातलेलं टेबल, बाजूला काच, काचेपलीकडं पाणी. तो तोंड वाकडं करून सांगत होता, “जेवण ठीक आहे, पण फार वेळ लावतात. एक पदार्थ आणतात, तो संपला की दुसरा. दोन तास उठू देत नाहीत. मला विचाराल तर पैसे वाया.”

मीनाबाईंनी व्हिडिओ थांबवला आणि तेवढंच परत ऐकलं. दोन तास उठू देत नाहीत.

मागल्या दिवाळीत त्या बंगळूरला गेल्या होत्या. सहा माणसांचं जेवायचं टेबल होतं घरात. त्यावर दोन लॅपटॉप, चार्जरच्या वायरी आणि सुकलेलं एक झाड. जेवण दाराशी डब्यात यायचं. सून पायल मीटिंग संपली की तिचा डबा उघडायची, सिद्धांत त्याची संपली की त्याचा. मीनाबाईंना बिचारी पोरं आधी वाढायची, पायल तर पापडसुद्धा भाजून द्यायची. तीन माणसं तीन वेळा जेवायची. आठवडाभर राहून त्या परत आल्या, तेव्हा सोजरबाईनं विचारलं होतं, पोरगं जाड झालंय का बारीक? त्यांना सांगता येईना. समोर बसल्याशिवाय माणूस नीट दिसत नाही.

आणि इथं एक जागा होती, जिथं पोराला दोन तास उठता येणार नव्हतं. मासा असो की पाला, ते काय आणून ठेवतील ते ठेवोत. पैसे पदार्थाचे नव्हतेच मुळी. बसण्याचे होते. फुलांच्या शर्टवाल्याला रोज घरी कुणीतरी समोर बसत असणार, त्याला काय कळणार?

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मीनाबाई तयारीनं बसल्या होत्या. हवापाण्याचं झालं, गोळ्यांचं झालं.

“मी म्हटलं,” त्यांनी लांबून सुरुवात केली, “ते वेगळं हॉटेल जे म्हणत होतास ना तू, लोक सांगतात बरं असतं म्हणे.”

“हो ना, मस्तच आहे! आम्ही घेतलं ते. शेवटच्या रात्री. त्या दिवशी आमच्या लग्नाचा वाढदिवस येतोय ना.”

“आम्ही म्हणजे?”

“मी आणि पायल. तू नको म्हणालीस, मग तुझं नाही टाकलं. तू त्या दिवशी हॉलमध्ये जेव. मी मुद्दाम विचारून घेतलंय, तिथं वरणभात पण असतो.”

वरणभात विचारून घेतलाय म्हटल्यावर रागवायचीही सोय उरली नाही. “बरं केलंत,” मीनाबाई म्हणाल्या. “छान केलंत. आणि पायलला सांग, शाल ठेव म्हणावं, बोटीवर वारं असतं.”

फोन ठेवून त्या खाली गेल्या. सोजरबाई परातीतलं पीठ खरवडत होती. मीनाबाई पायरीवर बसल्या आणि कुणाला तरी दुसऱ्याचं सांगावं तसं सगळं सांगितलं.

“मग लावा की फोन,” सोजरबाई म्हणाली. “म्हणावं, मला बी यायचंय.”

“त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला? मध्ये खुंटा होऊन बसू?”

“दुसऱ्या रात्री बसा. चार हायती की.”

“पण आपण होऊन कसं मागायचं, सोजरबाई? मागून वाढून घ्यायचं म्हणजे...”

“म्हंजे काय? मी रोज दुकानदाराला मागती. मागितल्याबिगर त्यो देतोय व्हय?”

“ते पैसे. हे वेगळं.”

“लई वेगळं हाय बगा,” सोजरबाईनं हात झटकले, पीठ उडालं. “अक्का, रागवू नगा. तुमचे मालक गेले. आता परातीमागं कोण न्हाय. तुमी हात आडवा धरून बसलाव, आन् पंगत तर कवाच उठली.”

मीनाबाईंना ते लागलं. त्या उठल्या आणि जिना चढून वर आल्या. भिंतीवर रावसाहेब होते तसेच हसत होते, कुणाच्या तरी पानाकडं वाकल्यासारखे.

बसून त्यांनी विचार केला. नको म्हणायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आईचं बघितलं, सासूचं बघितलं. घरात एकच अंडं असायचं तेव्हा बाईमाणसानं आधी नको म्हणायचं, आणि मग समोरच्यानं आपल्यासाठी अर्धं मोडून ठेवलं तर ते अंड्याहून गोड लागायचं. ती अर्धं मोडणारी माणसं सगळी गेली, आणि नको तेवढं मागं राहिलं. सिद्धांतला त्यांनी हे कधी शिकवलंच नाही. त्याला अख्खं अंडं मिळत गेलं.

बुधवारी, भलत्याच वारी, मीनाबाईंनी फोन लावला.

“काय झालं आई? बरी आहेस ना?” रविवार नसताना फोन म्हणजे पोराच्या काळजात धस्स झालं होतं. ते ऐकून मीनाबाईंना बरंही वाटलं आणि वाईटही.

“बरी आहे. सिद्धांत, मला त्या वेगळ्या हॉटेलात जेवायचंय.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तुमच्या रात्री नाही. तुमचं तुम्ही जेवा. दुसऱ्या कुठल्याही रात्री, तिघांनी. पैसे मी देते.”

“अगं, पण तू तर नको म्हणालीस!”

“ते पहिलं होतं.”

लाईनवर माणूस आहे की गेला, हे मीनाबाई ऐकत राहिल्या. होता. श्वास ऐकू येत होता.

“बाबा म्हणायचे तसलं?” सिद्धांतनं हळू विचारलं.

“तसलं.”

“मला वाटलं ते फक्त जिलेबीचं असतं.” मग की-बोर्डवर बोटं चालल्याचा आवाज आला. “थांब, बघतो. पहिल्या रात्री भरलंय. दुसऱ्या... भरलंय. तिसऱ्या... आई, रात्रीचं काहीच उरलं नाही गं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचचं एक टेबल आहे तिघांचं. पण साडेपाचला कोण जेवतं? राहू दे का?”

मीनाबाईंच्या जिभेवर ‘राहू दे’ येऊन उभं राहिलं. दारात उभ्या पाहुण्यासारखं, चप्पल काढून.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “साडेपाचला मला भूक लागते.”

ही थाप होती. साडेपाचला सोलापुरात कुणालाच भूक लागत नाही. त्या वेळी ऊन भिंतीवरून उतरत असतं आणि माणसं चहाचं बघत असतात. पण सिद्धांत हसला, “घेतलं,” म्हणाला, आणि आधार कार्डाचं काही न विचारता आणखी थोडा वेळ फोनवर राहिला. पैशाचं विचारलं तर म्हणाला, “नको गं, तुझ्याकडून काय घ्यायचे?” मीनाबाई म्हणाल्या, “हे तुझं पहिलं धरते,” आणि मग दोघंही उन्हाळ्याविषयी बोलले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मीनाबाईंनी भाकरी केली. खिडकीशी रावसाहेबांचं जुनं लिहायचं टेबल होतं, त्यावरची वर्तमानपत्रं काढली, धुतलेला पांढरा पंचा अंथरला आणि खुर्ची ओढली. ताटात भाकरी, शेंगाची चटणी, मुळ्याची फोड. भूक औषधालाही नव्हती.

भाकरीचा वास लागून सोजरबाई वर आली. “हे काय, आत्ता? बरं न्हाय वाटत काय?”

“सराव करतेय. या, बसा, जेवा.”

“नगं.”

मीनाबाईंनी दुसरी खुर्ची ओढली, दुसरं ताट घेतलं, अर्धी भाकरी मोडली.

“नगं हो अक्का.”

चटणी वाढली.

“खरंच नगं,” सोजरबाई कळवळून म्हणाली, “आताच च्या घेतलाय, शेजारच्या शिवूच्या घरी भजी झाली, पोटात जागा न्हाय. तिसऱ्यांदा म्हनती की!” आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा. काही नको खरेच असतात.

मीनाबाई दोन ताटांपुढं बसून राहिल्या. उठायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. एक घास, मग खिडकीबाहेर. समोर गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, वाऱ्यानं फुगून पुन्हा पडत होत्या. दुसरा घास. आग्रह नाही, घाई नाही. टाचा दुखत नव्हत्या, एवढं नवं होतं.

जहाजावरच्या त्या टेबलाशी पांढऱ्या हातमोज्यांचा कुणी पोरगा येईल. तो एकदाच विचारेल, आणि जाईल पुढच्या टेबलाकडं. मीनाबाईंनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला, पदर नीट केला आणि रिकाम्या खुर्चीच्या वरच्या बाजूला, जिथं त्याचं तोंड येईल तिथं, मान वर करून बघितलं.

“हो,” त्या म्हणाल्या. आवाज बारीक आला. त्यांनी घसा साफ केला.

“हो. वाढा.”

चादरी फुगल्या. मीनाबाईंनी सोजरबाईच्या ताटातली अर्धी भाकरी उचलून आपल्या ताटात ठेवली.