दोनशे डब्यांवरची नवी तारीख

दोन जानेवारीला वल्लरी टिपणीस अठरा वर्षांची झाली आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलण्याची सोय राहिली नाही. हे तिच्या आईचं मत. "आता मी ॲडल्ट आहे," हे वाक्य वल्लरी आंघोळीला जातानासुद्धा टाकून जायची. बारावीची प्री-बोर्ड डोक्यावर आली होती, पण बाईसाहेब मतदार यादीचा फॉर्म भरत बसल्या होत्या.

"ॲडल्ट लोक स्वतःची ताटली उचलतात," आई म्हणायची.

"उचलते ना यार आई."

गुरुग्रामच्या मराठी मंडळाचा एक नेम आहे. दर चौदा जानेवारीला चार बस भरून माणसं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात. तिथे फुलं वाहायची, कुणीतरी भाषण करायचं, भाषण लांबलं की पोरांनी पतंग बघायचे आणि मग धुकं विरल्यावर गवतावर पंगत. त्या पंगतीला पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंडाची एकेक डबी. जेवण पद्माकरकाकांचंच. वल्लरीचे बाबा, विक्रांत टिपणीस, मंडळाचे सचिव होते. काकांकडून कुणी कधी बिल मागितलं नव्हतं आणि लायसनचं तर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपल्या माणसाकडे कागद मागायचे म्हणजे काय?

पद्माकरकाकांचं स्वयंपाकघर एका बिल्डिंगच्या तळघरात होतं. दरवाज्यावर पाटी: 'घरगुती मराठी जेवण'. सोसायट्या-सोसायट्यांतून त्यांचे डबे जायचे. पुण्याहून आयटीत आलेली, ऑफिसच्या राजमा-चावलला कंटाळलेली माणसं काकांची आमटी तोंडात घालायची आणि डोळे मिटायची. काका होतेच तसे. लग्न असो, बारसं असो, कुणाची आई ॲडमिट असो, काकांचा डबा हजर.

आणि मंडळाचा दुसरा नेम असा, की पानिपतच्या आदल्या दिवसांत मंडळातल्या पोरांनी काकांकडे जाऊन डबे भरायला मदत करायची. त्याला सगळे 'सेवा' म्हणायचे. बारा तारखेला वल्लरी आणि तिची मैत्रीण शिवांगी डोक्यावर जाळीच्या टोप्या घालून तळघरात बसल्या होत्या. काकांनी त्यांच्यापुढे फ्रीजमधून काढलेल्या श्रीखंडाच्या डब्या आणि स्टिकरची दोन भेंडोळी ठेवली.

"नवीन लोगो केलाय," काका म्हणाले. "जुन्यावर हे चिकटवत चला. सरळ लावा गं, नाहीतर ऑफिसवाले नावं ठेवतात."

दोघींनी शर्यत लावली. शिवांगी सावकाश, वल्लरी भराभर. शंभर झाल्या, दीडशे झाल्या. वल्लरी गाणं म्हणत होती, मधेच स्टिकर नाकाला लावून सेल्फी काढत होती. मग एक डबी आली जिच्यावर फ्रीजचं पाणी साचलं होतं. जुनं लेबल अर्धं सुटून तिच्या बोटाला चिकटलं. तिने ते झटकायला हात वर केला आणि वाचलं. 'एकतीस डिसेंबरपूर्वी वापरावे.' हातातल्या नव्या स्टिकरवर होतं: 'पॅकिंग बारा जानेवारी.'

तिने अजून दोन डब्या बघितल्या. सगळ्यांवर तेच.

"काका, हे जुनं आहे."

काका पुऱ्यांच्या पिठावर पाणी शिंपडत होते. मान वर न करता म्हणाले, "जुनं नाही बाळा, डिसेंबरातल्या एका लग्नाचं. ऑर्डर कॅन्सल झाली. दिल्लीची थंडी म्हणजे बाहेरसुद्धा फ्रीजच असतो. श्रीखंडाला काय होतंय? आंबटच असतं ते मुळात."

"पण तारीख..."

"तारीख कंपनीवाल्यांसाठी. आपण घरगुती. चल, हात चालव, संध्याकाळ होईल."

आणि इथे वल्लरीने जे केलं ते तिला पुढचे बारा तास टोचत राहिलं. तिने हात चालवला. उरलेल्या पन्नास डब्यांवरही स्टिकर चिकटवले. का? तर काकांनी तिच्या बारशाला जेवण केलं होतं. समोर एवढा मोठा माणूस हसून बोलत होता, आणि ती लहानपणापासून 'हो काका' म्हणत आली होती. अठरा वर्षांची ॲडल्ट, आणि तोंडातून निघालं काय, तर हो काका.

रात्री जेवताना तिने बाबांना सांगितलं.

विक्रांतने भाकरी मोडली आणि हळूच ठेवली. "मी बोलतो त्यांच्याशी."

"काय बोलणार?"

"की पुढच्या वेळी असं नको."

"बाबा, परवाचं काय? बसमध्ये जोशी आजोबा आहेत, त्यांची आत्ता बायपास झालीय. शिवांगीचा भाऊ चार वर्षांचा आहे."

"वल्लू, हे नाजूक प्रकरण आहे. मंडळातले निम्मे लोक त्यांच्याकडून डबा घेतात. लेट्स टेक इट ऑफलाइन."

"आपण जेवायच्या टेबलावर आहोत. ह्याहून ऑफलाइन काय असतं?"

आईने ओठ चावला, हसू दाबायला. पण तीही म्हणाली, "बाबांना बघू दे ना."

वल्लरीने बघू दिलं नाही. सकाळी अन्न सुरक्षा विभागाच्या जिल्हा कार्यालयात फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा एका साहेबांनी सांगितलं, ऑनलाइन तक्रार टाका, पंधरा दिवसांत उत्तर येईल. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "सर, पंद्रह दिन में तो सब हजम हो चुका होगा." चौथ्यांदा साहेब कंटाळले आणि त्यांनी अन्न सुरक्षा अधिकारी दहिया मॅडमचा नंबर दिला. मॅडमने सगळं ऐकलं. फोटो मागितला. वल्लरीने सुटलेल्या लेबलचा फोटो पाठवला. लेबल सुटलं त्याच क्षणी कसा कोण जाणे, तिने तो काढून ठेवला होता. दोन तासांनी मॅडमचा मेसेज आला: तीन बजे.

तीनला तळघरात चांगलीच गर्दी होती. पुऱ्या लाटायला चार बायका, मंडळाचे अध्यक्ष तात्याराव स्वेटरवर शाल घेऊन देखरेखीला, आणि विक्रांत बसची यादी घेऊन. दहिया मॅडम आल्या तेव्हा तात्यारावांना वाटलं, कुणाच्या तरी सूनबाई आहेत. त्यांनी खुर्ची पुढे केली. मॅडमने ओळखपत्र पुढे केलं.

मग सगळं भराभर झालं. मॅडमने लायसन मागितलं. काका म्हणाले, अर्ज केलाय. कधी? मागच्या वर्षी. पावती? शोधावी लागेल. मॅडमने फ्रीज उघडला, एक डबी काढली, नखाने नवं स्टिकर उचकटलं आणि खालचं लेबल काकांच्या समोर धरलं. पुरी तळणाऱ्या बाईने गॅस बंद केला.

"ये बच्चों ने चिपका दिया," काका म्हणाले. "गलती से."

वल्लरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिच्यावरच ढकलत होते, आणि तिच्याकडे बघतही नव्हते.

"सेवा होती ना काका," ती म्हणाली. "स्टिकर कुणी छापले?"

"वल्लरी," बाबांचा आवाज आला.

मॅडमने पिशवीतून चार स्वच्छ बरण्या काढल्या. फ्रीजमधलं श्रीखंड काढून चारही बरण्यांत सारखं भरलं. झाकणं घट्ट लावली, प्रत्येक बरणी जाड कागदात गुंडाळली, वर नंबराची एक चिठ्ठी खालपासून वरपर्यंत चिकटवली, दोरा बांधला, लाख ओतून शिक्का मारला. वल्लरी एकटक बघत होती. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कुणी इतकं नीट काम करताना तिने पाहिलं नव्हतं.

"यहाँ साइन कीजिए," मॅडम काकांना म्हणाल्या. सही अशी करायची असते की अर्धी चिठ्ठीवर येईल आणि अर्धी कागदावर. म्हणजे मधे कुणी उघडली तर सही फाटते.

काकांनी हात मागे बांधले. "मी सही करणार नाही. कशावरच नाही." आणि मग सगळ्यांकडे वळून, मराठीत, मऊ आवाजात: "वीस वर्षं तुमच्या घरच्या पोरांना खाऊ घातलंय मी. कुणाच्या पोटात दुखलंय का कधी? सांगा ना."

सगळे जमिनीकडे बघत होते, जणू तिथे उद्याचं भाषण लिहिलं होतं.

मॅडमने सुस्कारा टाकला. त्यांना हे नवीन नव्हतं. "ठीक है. ये साइन नहीं करेंगे तो गवाह करेगा. कोई एक आ जाइए. गवाह नहीं मिला तो कल इनका वकील पहला सवाल यही पूछेगा."

आता गंमत बघा. तात्यारावांना एकदम बीपीची गोळी आठवली. पुरीवाल्या बायकांपैकी एकीचा फोन वाजला, म्हणजे तिने वाजवला. दुसरी म्हणाली, आम्ही काय, आम्हाला लिहिता येत नाही. गेल्या महिन्यात तिनेच मंडळाच्या निबंध स्पर्धेचं परीक्षण केलं होतं. विक्रांत आपल्या यादीत जोशी आजोबांचं नाव शोधत होता, जे सगळ्यात वर होतं.

काकांना कळलं की कुणी येणार नाही. त्यांचे खांदे खाली आले, चेहरा परत सैल झाला. "घ्या मॅडम, चहा घ्या," ते म्हणाले.

"मी करते," वल्लरी म्हणाली.

"तू लहान आहेस," तात्याराव लगेच म्हणाले. गोळी घ्यायची राहिलीच.

"अठरा पूर्ण. अकरा दिवस झाले. हे घ्या आधार."

"अगं पोरी, हा मंडळाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"मग इज्जतवाल्या मोठ्यांनी करा ना सही, आजोबा. मी काय रांगेत उभी नाहीये."

विक्रांत तिच्याजवळ आला, दंडाला धरून बाजूला नेलं. "वल्लू, घरी चल. हे कोर्टात गेलं तर तुला बोलावतील. कॉलेजच्या मधे. विचार केलायस?"

"तू केलास का, बाबा? उद्या जोशी आजोबांना काही झालं तर त्यांच्या मुलाला काय सांगणार, लेट्स टेक इट ऑफलाइन?"

"मी तुला ओरडायच्या आत..."

"ओरड. पण मी आणि शिवांगीने लावलेत ते स्टिकर. दोनशे. शेवटचे पन्नास तर मी कळल्यावर लावलेत. तेव्हा कुणी अडवलं नाही मला. आता कशाला अडवतोस?"

त्याने दंड सोडला.

वल्लरी टेबलापाशी गेली. मॅडमने आधार बघितलं, जन्मतारीख बोटाने मोजली, पेन दिलं. चार बरण्या, चार सह्या. वल्लरीला सही अशी नव्हतीच. शाळेच्या वहीवर नुसतं नाव असायचं. तिने नावच लिहिलं, देवनागरीत, सगळं: वल्लरी विक्रांत टिपणीस. 'वल्लरी' चिठ्ठीवर आलं, 'विक्रांत'च्या मधोमध कड गेली, 'टिपणीस' जाड कागदावर.

मॅडमने उरलेल्या डब्या जप्त केल्या, फ्रीजला कागद लावला, काकांना नोटीस वाचून दाखवली. लायसन मिळेपर्यंत इथून काही विकायचं नाही. जाताना वल्लरीला म्हणाल्या, "लैब की रिपोर्ट आने में दो हफ्ते लगेंगे. तब तक लोग तुम्हें बहुत कुछ बोलेंगे."

"बोलने दीजिए, मॅम."

काका एका पालथ्या पातेल्यावर बसले होते. अचानक म्हातारे दिसत होते, आणि वल्लरीला त्यांची दया आली. आली म्हणून तिने नजर वळवली नाही. "उद्या दोनशे माणसं काय खाणार?" ते म्हणाले. "सांग ना, तुला एवढं कळतंय तर."

"घरून आणतील काका. पोळी-भाजी सगळ्यांना येते. नाही आली तर एक दिवस केळी."

मंडळाला कळवायला हवंच होतं. सचिव म्हणून ते काम विक्रांतचं. घरी परतताना गाडी सिग्नलला थांबली तेव्हा त्याने ग्रुपवर लिहिलं आणि पाठवायच्या आधी तिला दाखवलं. 'काही तांत्रिक अडचणीमुळे उद्याच्या भोजनाची व्यवस्था रद्द. कृपया डबा सोबत आणावा.'

"तांत्रिक?"

"वल्लू, रिपोर्ट आलेला नाही अजून. मी कुणावर आरोप करू शकत नाही."

"आरोप नको करू. जे घडलं तेवढंच लिही."

"ते मला जमणार नाही," तो म्हणाला, आणि हे त्याने इतकं सरळ सांगितलं की तिला वाद घालता येईना. हिरवा दिवा लागला. मागच्याने हॉर्न दिला. त्याने मेसेज तसाच पाठवला.

वल्लरीने आपला फोन काढला. ग्रुपवर तिला वयाच्या सोळाव्या वर्षी घेतलं होतं, 'युवा शाखा' म्हणून, आणि तिने आजवर तिथे वाढदिवसाच्या केकशिवाय काही टाकलं नव्हतं. तिने सुटलेल्या लेबलचा फोटो टाकला. खाली लिहिलं:

'मी वल्लरी टिपणीस. उद्याच्या श्रीखंडाची तारीख एकतीस डिसेंबरला संपली होती. त्यावर बारा जानेवारीचे स्टिकर काकांनी दिले आणि मी लावले. शेवटचे पन्नास माहीत असताना लावले, त्याबद्दल माफी. आज नमुने घेतलेत, त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. कोर्टात बोलावलं तर मी जाणार आहे. उद्या बसमध्येही येणार आहे. ज्यांना माझ्या शेजारी बसायचं नसेल त्यांनी आत्ताच सांगा, बाबांना यादी बदलावी लागेल.'

तिने पाठवलं. एक टिक, दोन टिक. मग विक्रांतचा फोन वाजला. पडद्यावर तात्याराव. वाजून थांबला, परत वाजला. शिवांगीची आई. मग परत तात्याराव.

विक्रांतने गाडी कडेला घेतली.

"काय सांगू त्यांना?" त्याने विचारलं. खरंच विचारलं.

"तू तिथे होतास बाबा," वल्लरी म्हणाली. "काय झालं ते सांग."

फोन चौथ्यांदा वाजला. त्याने उचलला आणि म्हणाला, "हो तात्याराव. हो. मुलगी खरं बोलतेय."